दोन्ही म्हणायचं नाही

जाम,
२४ नोव्हेंबर १९७८

कुसे,

तुझ्या सासूबाई गेल्याचं कळलं. कोपरा फाडलेलं कार्ड दहा दिवसांपूर्वी आलं. आमच्या यांनी ते हॉटेलात उभ्यानंच पाहिलं, रिवाजाप्रमाणे घरात न आणता तिथल्या तिथे भट्टीत टाकलं, डोक्यावरून बादलीभर पाणी घेतलं आणि मग मागच्या दारानं येऊन मले म्हणाले, "आंजीची म्हातारी सुटली." तीन वर्षं खाटेवर होत्या. तू त्यांचं सगळं केलंस. पण सुटल्या म्हटलं तर तू रागावशील, तुमचं दोघींचं जमत होतं हे मले माहीत आहे. भाऊजींना सांग, मले फार वाईट वाटलं. ते काही बोलणार नाहीत, पण त्यांची माय होती.

तेरवीले यायला पाहिजे होतं. दिवाळीनंतर ट्रकांची इतकी गर्दी आहे की भट्टीवरून उठता येत नाही.

सुतकात असलं काही विचारावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. आता सुतक फिटलं असेल आणि ती खाट रिकामी पाहून तुझे हात रिकामे झाले असतील, म्हणून विचारते. पाळी माझीच आहे.

गरम आलुबोंडा का कालचा गार? हसू नको. एका सरदारजी ड्रायव्हरनं मुद्दाम गार मागून खाल्ला.

सिनेमातलं गाणं आधी रेडिओवर ऐकून मग सिनेमा पाहायचा, का सिनेमातच पहिल्यांदा ऐकायचं?

किशोरकुमार का मुकेश? मुकेश जाऊन दोन वर्षं झाली म्हणून त्याची बाजू घ्यायची नाही.

आणि तुझ्या मागच्या कार्डातलं काय झालं? भाऊजींना विचारलंस का? ते काय म्हणाले हे आधी लिही, बाकी मागून.

तुझी
नली

*

आंजी (मोठी),
१ डिसेंबर १९७८

सौ. नलूबाई यांस वासुदेवचा नमस्कार.

तुम्ही कुसुमला लिहिलेलं पत्र मी उघडलं. दुसऱ्याचं पत्र उघडायची मला सवय नाही, पण ज्या माणसाच्या नावाचं ते होतं ते घरात नाही. कार्ड माझ्या आईचं नव्हतं. कुसुमचं होतं. ७ नोव्हेंबरला दुपारी सेवाग्रामच्या दवाखान्यात ती गेली. हृदयाची झडप लहानपणापासून खराब असावी असं डॉक्टर म्हणाले. पाच दिवस भरती होती. त्यांनी त्यांच्याकडून सर्व केलं.

कार्ड मीच लिहिलं होतं. चार ओळींचं होतं. तुमच्या यजमानांना, नत्थूजींना, बोलू नका. कोपरा फाटलेला दिसला की चार ओळीसुद्धा कोणी वाचत नाही. आई तीन वर्षं अंथरुणावर आहे हे सगळ्यांना माहीत, तेव्हा आंजीहून तसं कार्ड आलं म्हणजे तिचंच वाटणार.

आई "कोणाचं हाय, कोणाचं हाय" करत होती म्हणून तुमचं पत्र तिला वाचून दाखवावं लागलं. ऐकून ती म्हणाली, "मेल्याची खोटी खबर आली का आयुष्य वाढते म्हणतेत. माह्यं कायले वाढवता बाबा. तिचं वाढवाचं होतं."

तुमच्या पत्रातले प्रश्न मला समजले नाहीत. आलुबोंडा गार की गरम हे तिला कशासाठी विचारलं आहे? उत्तर पाठवणं माझं काम आहे असं वाटलं म्हणून मी विचार करून पाहिला. ती काय म्हणाली असती ते मला सांगता आलं नाही. मला ती काय विचारणार होती तेही माहीत नाही.

वासुदेव

*

जाम,
१९ डिसेंबर १९७८

भाऊजी,

अठरा दिवस लागले. कार्ड समोर घेतलं की हात आपोआप "कुसे" लिहायचा. अशी पाच कार्डं वाया गेली.

आमचे हे दोन दिवस जेवले नाहीत. आता घरात येणारा प्रत्येक कागद दोनदा वाचतात. काल विजेचं बिल मले मोठ्यानं वाचून दाखवलं, खालच्या सहीसकट. मी हसली आणि मग दोघंही रडलो.

तुम्ही विचारलं की प्रश्न कशासाठी. कशासाठीच नाही, भाऊजी. आमच्या गावाहून सातवीची शाळा दीड कोस होती. मी आणि कुसुम दोघीच पोरी जायचो. वाटेत ऊन लागू नये म्हणून खेळायचो. एकीनं दोन गोष्टी पुढं ठेवायच्या, दुसरीनं एक उचलायची. बोरं का चिंचा, इथून सुरू झालं. लग्नं झाली, ती आंजीले आली, मी जामले. मग कार्डावर खेळलो. चौदा वर्षं.

नियम तिनंच केले होते. दोन्ही म्हणायचं नाही. काही पण म्हणायचं नाही. उत्तर ताबडतोब द्यायचं आणि एका ओळीत कारण सांगायचं. विचारणारीनं आपली आवड आधी दाखवायची नाही.

तिची सगळी कार्डं माझ्याजवळ बिस्किटाच्या डब्यात आहेत. काल डबा उघडला. दोन-तीन लिहून पाठवते, पाहा तुम्हाला ओळख पटते का.

लता का आशा? तिनं लिहिलं आहे: "आशा. लता ऐकताना हात थांबते अन् तव्यावरची भाकर जळते. आशा ऐकताना भाकरी भराभर होतात."

टुरिंग टॉकीजमधे जमिनीवर का खुर्चीवर? "जमिनीवर. खुर्चीवर बसून मोकळं रडता येत नाई."

भाकरीची फुगलेली बाजू का करपलेली? "करपलेली. तिले चव असते. फुगलेली नुसती दिसाले चांगली. पण कोणाले सांगू नको. घरचे समजतात का मी त्यांच्यासाठी त्याग करते, तर समजू दे."

हे शेवटचं लिहू की नको असं झालं होतं. लिहिलं.

नलू

*

आंजी (मोठी),
४ जानेवारी १९७९

नलूबाई,

तुमचं पत्र मी मळ्यात नेऊन वाचलं. घरी वाचलं असतं तर आईनं विचारलं असतं.

करपलेली भाकर रोज तिच्या ताटात असायची. लग्नानंतर पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं होतं. चौदा वर्षं मी मनात म्हणत होतो की एक दिवस ती भाकर आपण घेऊ. कधी घेतली नाही. ती गेल्यावर पहिल्या आठवड्यात हीच गोष्ट मला सर्वांत जास्त टोचत होती. आता तुम्ही लिहिता की तिला ती आवडायची. रात्रीच्या जेवणाला मी भाकर मुद्दाम करपवली आणि खाल्ली. चव आहे. मला माहीत नव्हतं.

तुमच्यापासून लपवत नाही, एक गोष्ट आहे जी मी कोणाला सांगितली नाही.

दहाव्याला धाम नदीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण खाली येईनात. दीड तास झाला. लोक विचारू लागले, बाईची काय इच्छा राहिली, बाईला काय आवडत होतं, ते पानावर ठेवा. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, तिला काही पण चालायचं. किसनराव म्हणून आमचे शेजारी आहेत, ते म्हणाले, "वासुदेवराव, कोणतं तरी एक सांगा ना." मला सांगता आलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि घरी आलो.

तिची इच्छा काय राहिली ते मला माहीत होतं. अर्धंच माहीत होतं, म्हणून बोललो नाही.

ती गेली त्या दिवशी दवाखान्यात अकरा-साडेअकराला तिला जरा बरं वाटत होतं. उशीला टेकून बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, संत्रं का सीताफळ?" हसत होती. मला वाटलं, मागायला संकोच वाटतो म्हणून हसते. तिनं कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "दोन्ही आणतो." ती म्हणाली, "अहो, तसं नाई." तेही मला संकोचाचंच वाटलं. मी पिशवी घेतली आणि वर्ध्याच्या बाजारात गेलो. जवळ मिळालं असतं, पण मी भाजी पिकवणारा माणूस, चांगलं फळ कुठे मिळतं ते मला माहीत, म्हणून लांब गेलो. सहा संत्री आणि चार सीताफळं निवडून घेतली. परत आलो तर पलंगाभोवती पडदा लावला होता.

मी जवळ नव्हतो आणि तिनं मागितलेलं तिला मिळालं नाही.

तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता. मला एवढंच सांगा, तिला यातलं कोणतं पाहिजे होतं? समजलं म्हणजे वर्षश्राद्धाला तेच पानावर ठेवीन.

घरात तुरीच्या कोठीमागे तुमच्या कार्डांचा गठ्ठा सापडला आहे. ती कार्डं तुम्ही तिला लिहिलेली आहेत. तुमची परवानगी असली तरच वाचीन.

वासुदेव

*

जाम,
२१ जानेवारी १९७९

भाऊजी,

परवानगी कसली. वाचा. तिची कार्डंही पाठवते. टपालानं पाठवायची हिंमत होत नाही, म्हणून हे स्वतः डबा घेऊन येतील.

तुम्ही विचारलं त्याचं काय सांगू. तिला दोन्ही फळं सारखीच होती. संत्रं ठेवा, सीताफळ ठेवा, काही पण ठेवा. मनाला लावून घेऊ नका.

हॉटेलात आज फार गर्दी आहे.

नलू

*

आंजी (मोठी),
२५ फेब्रुवारी १९७९

नलूबाई,

नत्थूजी डबा मांडीवर घेऊन, दोन बसा बदलून आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. आई खाटेवरून म्हणाली, "कोण व्हय?"

ते म्हणाले, "मी जामचा नत्थू, काकू."

"मले भट्टीत टाकणारा तूच काय रे? ये. बस मेल्या म्हातारीजवळ."

ते आईच्या पायावर डोकं ठेवून बराच वेळ उठले नाहीत. मग आई म्हणाली, "बस झालं. आता तूही दोनदा वाचशीन अन् मीही दोनदा मरीन." जाताना त्यांनी तिला आमच्या मळ्यातली वांगी दाखवली आणि विचारलं, "भरीत का भाजी, काकू?" आई लगेच म्हणाली, "भरीत. दात लागत नाई."

मी आईला विचारलं, तुला हा खेळ कुठून माहीत. ती म्हणाली, "मले कुसुम रोजच विचारे ना. पाठीले तेल लावता लावता. शेवया का साळीच्या लाह्या. इंदिराबाईचं लुगडं चांगलं का बोलणं. हसू हसू माह्या बरगड्या दुखे. तू मळ्यात राहे."

मी मळ्यात राहत होतो. घरापासून मळा वीस मिनिटांवर आहे.

मग मी रोज संध्याकाळी वाचायला बसलो. तिनं प्रत्येक कार्डावर कोपऱ्यात नंबर घातला आहे. एका बाजूला तुमचं कार्ड, दुसऱ्या बाजूला तिचं, असं सतरंजीवर लावत गेलो. खोली भरली. मला खोलीच्या मधे उभं राहायला जागा राहिली नाही, म्हणून दारात उभा राहून पाहिलं.

मला नीट लिहिता येणार नाही. मी एकदा मॅट्रिकच्या वेळी नागपूरला दुर्बिणीतून आकाश पाहिलं होतं. साध्या डोळ्यांना जिथे काही दिसत नाही, तिथे दुर्बीण दाखवणारे गृहस्थ म्हणाले आता पाहा, आणि पाहिलं तर सगळं भरलेलं होतं. त्यानंतर तसं मला आता वाटलं.

रेडिओ का सिनेमा? "रेडिओ. त्यातल्या माणसांचे चेहरे मी ठरवते."

राजेश खन्ना का धर्मेंद्र? "धर्मेंद्र. विहिरीत बादली पडली तर हा काढून देईन, तो काठावर गाणं म्हणत बसन."

रोडगे का पुरणपोळी? "रोडगे. पुरणपोळीच्या दिवशी मी चुलीपाशी मरते. रोडग्याच्या दिवशी गडीमाणसं गोवऱ्यांवर भाजता भाजता धुरात डोळे चोळतात अन् मी झाडाखाली बसते."

चहा कपात का बशीत? "बशीत. फुंकर मारता मारता दोन मिनिटं कोणी काम सांगत नाई."

सिनेमाचा शेवट गोड का रडका? "रडका. गोड शेवट टॉकीजच्या दारापर्यंत पुरते. रडका आठवडाभर पुरते."

ही बाई माझ्या घरात होती. रोज मला डबा देत होती. मी तिला शांत समजत होतो, तिला काही पण चालतं असं चार लोकांत सांगत होतो, आणि तिच्या मनात प्रत्येक गोष्टीचा निकाल लागलेला होता. एकाही कार्डावर खाडाखोड नाही. मला दुःख आहेच, पण हे वाचताना दुःखाच्या आधी आश्चर्य येतं आणि ते जात नाही. रोज थोडं वाचतो, संपू नये म्हणून.

माझ्याबद्दल सात ठिकाणी लिहिलं आहे. "यांना विचारलं चहा का कॉफी, म्हणाले जे असेल ते." "यांना विचारलं सिनेमा का कव्वाली, म्हणाले तू म्हणशील ते." मला वाटायचं, बायकोला त्रास नको म्हणून मी असं बोलतो. ती खेळत होती हे मला समजलं नाही. दर वेळी तिनं पुढे लिहिलं आहे, "पुन्हा पाहीन."

आता विचारायचं ते विचारतो. शेवटचं कार्ड २११ नंबरचं आहे, दसऱ्याचं. तुमच्या नोव्हेंबरच्या पत्रात तुम्ही तिला विचारलं होतं की भाऊजींना विचारलंस का. म्हणजे २११ च्या पुढे एक कार्ड आहे. ते डब्यात नाही. आणि तुम्ही जानेवारीत लिहिलं की तिला दोन्ही फळं सारखी होती, काही पण ठेवा. तुमच्या खेळात असं उत्तर चालत नाही. ज्या अर्थी तुम्ही नियम मोडला त्या अर्थी काही लपवलं आहे.

मला ते कार्ड पाठवा. त्यात काहीही असलं तरी चालेल. चुकलो. चालेल म्हणायचं नाही. मला ते पाहिजे.

वासुदेव

*

जाम,
६ मार्च १९७९

भाऊजी,

तुम्ही बरोबर ओळखलं. कार्ड माझ्या उशीखाली होतं. दवाखान्यातली हकीकत वाचली तेव्हाच मले सगळं समजलं होतं, पण वाटलं, हे वाचून तुम्ही स्वतःला जास्त दोष द्याल. हे म्हणाले, "एकदा मी अर्धं वाचून अनर्थ केला. आता तू अर्धं पाठवून करू नको." म्हणून पाठवते.

विचारणारी कधी स्वतःसाठी विचारत नसते, भाऊजी. तिला फळ नको होतं.

नलू

(सोबतचं कार्ड. नंबर २१२. आंजी, १६ ऑक्टोबर १९७८. अक्षर बारीक, शेवटच्या ओळी पत्त्याच्या बाजूला.)

नले, सापडला. चौदा वर्षं मी यांच्यासाठी असा प्रश्न शोधून राह्यली का ज्याले हे "काही पण" म्हणणार नाईत. मले तर वाटे का या माणसाले आवड नावाची गोष्टच देवानं देल्ली नाई. काल डबा घेऊन मळ्यात लवकर गेली. हे विहिरीच्या काठावर एकटेच बसून सीताफळ खात होते. डोळे मिटून. एकेक बी काढून ओळीत मांडत होते, वांग्याची रोपं लावतात तशी. मी बाभळीमागं उभी राहिली अन् शेवटची बी होईपर्यंत पाहिलं. डबा गार झाला. मग मुद्दाम मागं फिरली अन् खोकत खोकत आली. तोवर यांनी बियांवर माती सारली होती अन् तोंड पुसून बसले होते, जसं काही झालंच नाई. मले इतकं हसू आलं अन् इतकं बरं वाटलं का सांगता येत नाई. आता संत्रं का सीताफळ विचारते. उत्तर मले माहीत आहे. पण यांच्या तोंडून ऐकाचं आहे, कारणासकट. कळवते. कु.

*

आंजी (मोठी),
२८ ऑक्टोबर १९७९

नलूबाई,

२१२ नंबरचं कार्ड मार्चमध्येच मिळालं. उत्तर ताबडतोब द्यायचं हा नियम माझ्याकडून मोडला. तेव्हा सीताफळाचे दिवस नव्हते. फळ समोर नसताना लिहिणं मला बरोबर वाटेना, म्हणून थांबलो. मधल्या काळात तुमची चार कार्डं आली, त्यांनाही मी उत्तर दिलं नाही. राग मानू नका.

मार्चमध्ये मी पहिल्यांदा बाभळीमागे जाऊन उभा राहिलो. तिथून विहिरीचा काठ अगदी जवळ दिसतो. काठावरच्या माणसाचे हातसुद्धा दिसत असतील. मी चौदा वर्षं त्या काठावर बसत होतो, एकदाही मान वर करून बाभळीकडे पाहिलं नाही. ती तिथे उभी राहून माझ्याकडे पाहत होती आणि तिला बरं वाटत होतं, हे कार्डावर लिहिलेलं नसतं तर मी कोणी सांगूनही मानलं नसतं. माझ्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पण तिच्या आवडीत खाडाखोड नसते, हे मी सतरंजीवर पाहिलं आहे.

काल वर्षश्राद्ध झालं. स्वयंपाकाला शेजारच्या सुलोचनाबाई आल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, कुसुमच्या पानावर भाकर करपलेली ठेवा आणि चहा बशीत ठेवा. त्या म्हणाल्या, "भाऊजी, पितराच्या पानावर करपलेली ठेवतेत काय? लोक काय म्हणतीन?" आई खाटेवरून म्हणाली, "ठेव. पान तिचं हाय, लोकाईचं नाई." रोडगे केले. ते आम्ही पुरुषांनी केले, अंगणात. किसनरावांच्या डोळ्यांत धूर गेला. बायका निंबाखाली बसल्या होत्या.

फळ पानावर ठेवलं नाही. तिनं ते मागितलंच नव्हतं. पान छपरावर ठेवलं आणि मी मळ्यात निघून गेलो. कावळा केव्हा आला ते मी पाहिलं नाही.

आईचा निरोप आहे. ती नत्थूजींना विचारते, मेलेली म्हातारी बरी का जिती? उत्तर ताबडतोब द्यायचं आहे आणि कारण पाहिजे. नत्थूजींना म्हणावं, एकदाच वाचलं तरी पुरे.

माझ्याकडे किशोरकुमार आणि मुकेशचा प्रश्न राहिला आहे. सध्या दोघांनाही रोज ऐकतो आहे. रेडिओ चुलीजवळ होता, तो तिथेच ठेवला आहे. दोन महिने द्या.

काल मळ्यात विहिरीवर मी एक संत्रं आणि एक सीताफळ घेऊन बसलो होतो. आधी संत्रं खाल्लं, मग सीताफळ. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून उत्तर मोठ्यानं दिलं. तुम्हाला कळवणं तिच्याकडे राहिलं होतं, ते मी करतो.

सीताफळ. कारण, संत्रं चालता चालताही खाता येतं. सीताफळ हातात घेतलं की संपेपर्यंत उठून जाता येत नाही, एका जागी बसून राहावं लागतं.

बियांवर या वेळी माती सारली नाही. बाभळीकडून दिसेल अशी ओळ मांडून ठेवली.

वासुदेव